सातबाऱ्यावरचा कंस

मी पनवेलच्या एका शाळेत गणित शिकवते. पाचवीच्या वर्गात कंस शिकवायला घेतले की कुणीतरी हात वर करून विचारतंच, "बाई, म्हणजे कृष्णाचा मामा?" वर्ग हसतो. विचारणाऱ्याला दरवर्षी वाटतं की हे आपल्यालाच सुचलं, आणि मीही पहिल्यांदाच ऐकल्यासारखी हसते. मग फळ्यावर साधा, महिरपी आणि चौकटी असे कंस काढते आणि ‘कंचेभागुबेव’ हा क्रम घोकून घेते. गुणाकार असो, भागाकार असो, कंस दिसला की आधी त्याच्या आतलं सोडवायचं. गणितात कंसाला हा मान आहे.

शेजारच्या वर्गात मराठीच्या बाई कंसातला योग्य शब्द निवडून रिकाम्या जागा भरायला सांगतात. नाटकाच्या पुस्तकात कंसातलं वाक्य कुणी बोलत नाही, ते करून दाखवायचं असतं. माझा नवरा पुण्याचा, नोकरदार माणूस. सुटी मिळाली की कॅमेरा घेऊन कर्नाळ्याला पक्षी टिपायला जातो. त्याच्या कॅमेऱ्यात ब्रॅकेटिंग नावाची सोय आहे. एकाच पक्ष्याचे एका दमात तीन फोटो निघतात, एक काळपट, एक बेताचा, एक उजळ. घरी येऊन तो त्यातला एक ठेवतो आणि बाकीचे पुसून टाकतो. शब्द एकच, पण ज्याने त्याने तो आपापल्या कामाला जुंपलेला.

आमच्या गावात तो शब्द जमिनीच्या कामाला जुंपला होता, आणि त्याचा भार बायकांवर पडायचा.

माझं माहेर कोनच्या बाजूला आहे. एक्स्प्रेसवेवरच्या गाड्यांचा आवाज आमच्या ओटीवर ऐकू येतो. तिथे "तिच्या नावाला कंस झाला" असं कुणी बोललं की ऐकणाऱ्याला सगळं कळतं. जमीन कुणाच्या नावावर आहे हे सातबाऱ्याच्या उताऱ्यावर असतं. हाताने उतारे लिहायच्या काळात ज्याचा हक्क संपला त्याचं नाव तलाठी पुसून टाकत नसे, नावाच्या दोन्ही अंगांना कंस करत असे. नाव वाचता यायचं, पण त्याला अर्थ उरलेला नसायचा. आता उतारे संगणकावर निघतात आणि नावावर आडवी रेघ येते, तरी बोलण्यात कंस तसाच राहिला. कंसात जायची ती बहुतेक बहिणींची नावं. बाप गेला की सगळ्या मुलांची नावं लागायची, मग बहिणी हक्कसोडपत्रावर सही करायच्या आणि माहेरच्या जमिनीवर फक्त भाऊ उरायचे.

हे मला फार लवकर कळलं, कारण भावंडांत धाकटी असले तरी घरात नीट वाचणारी मीच. कुठलाही सरकारी कागद आला की वडील मला ओटीवर बसवून मोठ्याने वाचायला लावत. असाच एकदा उतारा वाचताना मला आत्याचं नाव दिसलं, कंसात. शाळेत नुकतेच कंस शिकवले होते. मी वडिलांना विचारलं की हे गणित कसलं आहे. ते म्हणाले की गणित नाही, आत्याने तिचा हिस्सा मला सोडला, म्हणून तसं केलंय. एवढं बोलून त्यांनी पुढचं वाचायला सांगितलं.

भाऊबीजेला आत्या आली तेव्हा मी तिला तो उतारा दाखवला. तिला वाचता येत नव्हतं. मी बोट ठेवून तिचं नाव कुठे आहे ते दाखवलं आणि कंस म्हणजे काय ते सांगितलं. ती त्या अक्षरांकडे कौतुकाने बघत राहिली. आपलं नाव कागदावर कसं दिसतं हे तिने आधी कधी पाहिलंच नसावं.

"कंसात हाय, म्हंजे हाय ना मी?" ती बोलली. "खोडली तर नाय."

पुढे तिचा नवरा वारला, मूलबाळ नव्हतं, सासरी दिरांनी जागा दिली नाही, आणि ती आमच्याकडे राहायला आली. वडिलांनी तिला प्रेमाने ठेवलं. आमच्या घरात तिला कुणी टाकून बोललं असेल असं मला आठवत नाही. पण ती स्वतःच पाहुणी होऊन राहिली. परसात एक आंब्याचं झाड होतं, तिच्या लहानपणी ती त्याच्यावर चढून कैऱ्या पाडायची. आता त्याच झाडाखाली पडलेली कैरी उचलायच्या आधी ती माझ्या आईला विचारायची, "वयनी, ही घेऊ का?" आई दर वेळी म्हणायची, घे गं, विचारतेस काय. तरी पुढच्या कैरीला ती पुन्हा विचारायची. तिला आमच्या ओटीवर भिंतीला टेकून बसलेलं मी कधी पाहिलं नाही. कुणीतरी लगेच उठवणार असल्यासारखी ती पायरीच्या कडेला बसायची. ती वारली तेव्हाही तिची ट्रंक भरलेली होती. ती तिने कधी पूर्ण रिकामी केलीच नव्हती.

वडील गेले तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. नवीन पनवेलमध्ये आमचा फ्लॅट होता, शाळेत मी कायम झाले होते. तोवर आमची मिठागरं आणि बरीचशी शेती रस्ते, वसाहती आणि विमानतळाच्या कामात गेली होती. राहिलं होतं राहतं घर आणि मोठ्या रस्त्यापासून थोडा आत असलेला एक शेताचा तुकडा. वडिलांच्या जागी चौघांची नावं लागली, आई, दादा, ताई आणि मी. दादा सगळ्यांत मोठा. त्याचा खडी-रेती पुरवायचा धंदा आहे. ताई मधली, तिला पेणच्या पुढे दिलं आहे.

दादाबद्दल एक सांगायलाच हवं. तो वाईट माणूस नाही. मी कॉलेजला जायचं म्हटलं तेव्हा गावातल्या लोकांनी वडिलांचे कान भरले होते. तेव्हा दादाच वडिलांशी भांडला आणि रोज मला स्कूटरवरून एसटी स्टँडवर सोडत होता. मी गावाबाहेरचा, आपल्या समाजाबाहेरचा नवरा केला तेव्हाही त्याने मान खाली घातली नाही. म्हणूनच तो जेव्हा वर्षश्राद्धानंतर माझ्याकडे येऊन, हक्कसोड करून घेऊ, वकिलाशी बोललोय, असं म्हणाला तेव्हा त्याला वाटलं नव्हतं की यात बोलण्यासारखं काही आहे. गॅस सिलिंडर बदलायला सांगावं तसं त्याने ते सांगितलं.

मी म्हटलं, "दादा, मी सही करणार नाही."

त्याला आधी वाटलं मला काही हवं आहे. त्याने विचारलं, काय पाहिजे ते सांग. मी म्हटलं की काही नको, माझं नाव आहे तिथे राहू दे.  मग त्याने सगळे जण जे विचारतात तेच विचारलं, तुला काय कमी आहे? फ्लॅट आहे, नोकरी आहे, नवरा चांगला आहे. मी त्याला म्हटलं की तुलाही काही कमी नाही, मग तूच सोड की तुझा हिस्सा. तो उठला. चहा तसाच राहिला.

त्या संध्याकाळी नवराही तेच म्हणाला. तो समजुतीचा माणूस, त्याला भांडण नको असतं. सही करून मोकळी हो, त्या तुकड्यासाठी भावाशी वाईटपणा कशाला, असं त्याचं म्हणणं. मी त्याला विचारलं, "तुझ्या पुण्याच्या घरावर तुझ्या बहिणीचं नाव आहे का?" तो म्हणाला, तिने सही केली होती, आनंदाने. मी विचारलं की तिला विचारलं होतं का, की कागद पुढे ठेवला होता?  काही दिवसांनी तो बाल्कनीत उभा राहून बहिणीशी फोनवर बोलत होता, आणि ते बोलणं नेहमीपेक्षा खूप लांबलं. काय झालं ते मी विचारलं नाही. त्यानंतर मात्र त्याने मला सही करायला पुन्हा कधी सांगितलं नाही.

मला त्या तुकड्याच्या किमतीची पर्वा नव्हती. माझ्या डोक्यात आत्या होती. पण ते मी कुणाला सांगितलं नाही, कारण मी कारण दिलं असतं तर ते खोडून काढायला प्रत्येकाकडे काहीतरी असतंच. दादा म्हणाला असता, आम्ही तुला तसं वागवू का? नसतं वागवलं. आत्यालाही कुणी तसं वागवलं नव्हतं. म्हणून मी फक्त नाही म्हणत राहिले. मावशीने फोन केला, तिला नाही म्हटलं. गावातले एक वयस्कर काका शाळेत भेटायला आले, त्यांना शाळेच्या व्हरांड्यात बसवून पाणी दिलं आणि नाही म्हटलं. ते म्हणाले, शिकलेल्या मुली असंच करतात. मी म्हटलं, "हो काका, त्यासाठीच शिकवायचं असतं."

दादाने मग वेगळी युक्ती काढली. आई आणि ताईची सही आधी घ्यायची. दोघींची झाली की मी एकटी पडेन आणि आपोआप येईन असा त्याचा हिशेब असणार. नोंदणी कार्यालयात जायचा दिवस ठरला. आदल्या दिवशी आईचा फोन आला. ती फोनवर फार बोलत नाही. एवढंच म्हणाली की उद्या ये, माझ्याबरोबर बस. मी शाळेतून अर्धी रजा घेतली.

कार्यालय म्हणजे एका इमारतीतला लांबट हॉल. बाकांवर फ्लॅट घेणारी जोडपी, एजंट, हातात फायली घेतलेले वकील. दादा एका टोकाला उभा, ताई दुसऱ्या टोकाला बसलेली, मी आणि आई मध्ये. आईने ठेवणीतली नऊवारी नेसली होती, लग्नाला जाताना नेसते ती. मी तिला काही समजावलं नाही. तिला काय करायचंय ते तिचं तिने ठरवायचं, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. खरं सांगायचं तर मला वाटत होतं की ती अंगठा देईल. तिने आयुष्यात दादाला कशालाच नाही म्हटलं नव्हतं.

आमचा नंबर आला. संगणकासमोर एक बाई अधिकारी होत्या. टेबलावर छोटा कॅमेरा आणि अंगठ्याचं यंत्र. आई वयाने मोठी म्हणून तिला आधी बसवलं. बाईंनी कागद वाचून दाखवला, रोज करायची कामं माणूस करतो तसा, भराभर. मग मान वर करून विचारलं, "आजी, स्वखुशीने देताय ना?"

"नाय," आई बोलली.

बाईंचा हात यंत्राकडे गेला होता, तो तसाच थांबला. दादा पुढे झाला आणि हसून म्हणाला की तिला जरा कमी ऐकू येतं. बाईंनी आवाज चढवून पुन्हा विचारलं. आईने आधी दादाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"मना चांगला आयकाला येतं," ती बोलली. "तुमी इचारलंव, खुशीनं देतेस का. मी नाय बोलली."

हॉलमध्ये फार लोकांचं लक्ष गेलं नाही. शेजारच्या टेबलावर कुणाच्या तरी फोटोसाठी मान सरळ करायला सांगत होते.  अधिकारी बाईंनी कागद बाजूला ठेवले आणि दादाला सांगितलं की त्या नाही म्हणतायत, त्यांच्याकडून दस्त होणार नाही. बाकीच्यांचा करायचा तर नवा कागद करून आणा. त्यांनी आईला उठायला हात दिला. आईने तो घेतला नाही. टेबलाला धरून ती स्वतःच उठली.

बाहेर आल्यावर दादाचा चेहरा लाल झाला होता. तो ओरडला नाही, ते जास्त वाईट होतं. चार लोकांत माझी लाज घालवलीस, असं हळू आवाजात म्हणाला. आई पार्किंगमध्ये त्याच्या गाडीला टेकून उभी राहिली.

"लाज कसली?" ती बोलली. "तू माजा पोर हायस. माज्या मागं माजं तुमा तिघांचंच हाय. पन माज्या मागं. मी जित्ती असताना माज्या नावाला कंस नको. तुज्या आत्याला मी पायलंय. घरची पोर होती, पावनी होऊन मेली."

म्हणजे इतकी वर्षं, प्रत्येक कैरीला "घे गं" म्हणताना, तिनेही ते पाहिलं होतं. आम्ही दोघी एकाच घरात राहून एकाच गोष्टीबद्दल कधी एक शब्द बोललो नव्हतो.

मी आईला म्हटलं की आज माझ्याकडे चल, चार दिवस राहा. मला भीती वाटत होती की घरी तिला त्रास होईल. ती माझ्यावरच चिडली. माझं घर असताना मी तुझ्याकडे कशाला येऊ, असं म्हणाली, गाडीचा पुढचा दरवाजा उघडून दादाच्या शेजारी बसली आणि त्याने गाडी सुरू करायची वाट बघू लागली. दादा काही वेळ बाहेरच उभा राहिला. शेवटी बसला. ती दोघं तशीच शेजारी शेजारी गावाला गेली.

ताईने मात्र नंतर सही केली. वेगळा कागद केला, वेगळ्या दिवशी गेली, मला सांगितलं नाही. कळलं तेव्हा मी तिच्याकडे गेले आणि फार बोलले. आईने एवढं केलं आणि तू पाठ फिरवलीस, असं काहीबाही. ती भाजी निवडत होती, तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली की तुझं बोलून झालं असेल तर माझं ऐक. तुझ्या घरात भांडण झालं तर तू दुसऱ्या खोलीत जाऊन दार लावतेस. माझ्या घरात झालं तर मला पिशवी भरून बाहेर पडावं लागतं, आणि बाहेर पडून मी भावाच्याच दारात जाते. ते दार मला उघडं हवं.

  मी तिला म्हणाले की तुझं नाव त्या घरावर असतं तर दार उघडायला कुणाला सांगावं लागलं नसतं. ती म्हणाली, कागदावर असतं ते आणि दारात घडतं ते वेगळं. आम्ही दोघी बरोबर होतो असं मला वाटतं, आणि म्हणूनच मला तो सगळा प्रकार जास्त संतापजनक वाटतो. मी तिच्याशी बोलणं सोडलं नाही. तिनेही नाही.

दादाने मात्र माझ्याशी बोलणं बंद केलं. गावच्या जत्रेचं बोलावणं आलं नाही. गणपतीत मी आईला भेटायला गेले की तो काहीतरी काम काढून बाहेर जायचा. वहिनी पाट मांडायची, वाढायची, पण बोलत नसे. आई मला मुद्दाम ओटीवर, भिंतीला टेकून बसवायची आणि येणाऱ्या जाणाऱ्याला हाक मारून सांगायची की माझी लेक आली आहे.

मग दादाच्या मुलाचं लग्न ठरलं. आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी. मांडव, जेवणावळ, बँजो, सगळं गाव लोटतं. पत्रिका मला शेजारच्या गावातल्या एका मैत्रिणीने फोनवर दाखवली. आमच्याकडच्या पत्रिकेत घरातल्या सगळ्या बायकांची नावं असतात, आणि नावापुढे कंसात काकी, मामी, आत्या असं नातं. ताईचं नाव होतं, पुढे (आत्या). माझं नव्हतं. सातबाऱ्यावर ज्या नावाला मी कंस होऊ दिला नव्हता, ते इथे कंसालाही पोहोचलं नव्हतं. मी ते पाहून हसले आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

हळदीच्या दिवशी दुपारी आईचा फोन आला. ती म्हणाली, ये. मी म्हटलं की मला बोलावलेलं नाही. तिने विचारलं, मग मी आत्ता काय करतेय? घर माझंही आहे, मी बोलावतेय, असं म्हणून तिने फोन ठेवला.

मी हिरवी साडी नेसले. नवरा म्हणाला की मीही येतो, मी म्हटलं आज नको, आज मी एकटी जाणार. रिक्षा मांडवापर्यंत गेलीच नाही, इतकी गर्दी होती. मी चालत आत शिरले. ओळखीच्या माना वळल्या. दादा मांडवाच्या दारात पाहुण्यांचं स्वागत करत उभा होता. मी त्याच्या समोरून गेले. त्याने ये म्हटलं नाही, जाही म्हटलं नाही. आई पुढे बायकांमध्ये सतरंजीवर बसली होती, तिने सरकून जागा केली. विधवा बाई म्हणून तिने मागे बसावं असं कुणीतरी सुचवलं होतं म्हणे. ती पुढेच बसली होती.

धवलारीण, म्हणजे आमच्यात लग्नाची गाणी म्हणून विधी लावणारी बाई, हळदीचं गाणं म्हणत होती. एकेक नातेवाईक बाई नवरदेवाला हळद लावायला पुढे जात होती. ताई गेली. नंतर काकी, मावशी. मी जागेवरच बसले होते. मी इथे आहे एवढं मला पुरेसं होतं, मागून काही घ्यायचं नाही हे मी येतानाच ठरवलं होतं. तेवढ्यात वहिनी उठली. नवऱ्या मुलाची आई ती, त्या दिवशी सगळ्यांच्या नजरा तिच्यावर. ती हळदीचं ताट घेऊन थेट माझ्यासमोर आली.

"चला," ती बोलली. "आत्याचा हात लागाला पायजे."

मी उठले. भाच्याने मान खाली केली आणि मी त्याच्या गालांना हळद लावली. बँजो पुन्हा सुरू झाला. दादा दारातून बघत होता की नाही ते मी पाहिलं नाही.

जेवणं उरकल्यावर मागच्या दारी हात धुताना वहिनी माझ्या शेजारी आली. आमच्या दोघींच्या हातांवर हळद होती, ती निघत नव्हती. पाण्याच्या आवाजात ती हळूच म्हणाली की तिनेही माहेरी सही केली होती, लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी. "तवा वाटलं, बरं दिसतं," ती बोलली. "आता म्हायेरी जाते तवा भावजयीला इचारून पानी घेते." मग तिने नळ बंद केला आणि पाहुण्यांकडे गेली. या विषयावर आम्ही पुन्हा बोललो नाही, पण त्या दिवसानंतर मला तिने वाढलेलं पान वेगळं वाटू लागलं.

गेल्या थंडीत एका रविवारी सकाळी दाराची बेल वाजली. दादा उभा होता, बरोबर एक चकाचक शर्टातला माणूस. दादा माझ्या घरी कित्येक वर्षांनी आला होता. तो माणूस एका बिल्डरचा होता. आमच्या तुकड्याच्या आजूबाजूची शेतं त्याच्या मालकाने घेतली होती, आता मधला आमचा राहिला होता. आईची आणि माझी सही नसेल तर व्यवहार होत नव्हता. तो मला मॅडम म्हणत होता आणि टेबलावर नकाशा पसरत होता. मी नकाशा बघितला. चांगला काढलेला होता. आमच्या शेतावर त्यात लहान मुलांचं उद्यान दाखवलं होतं.

मी चहा ठेवला. त्या माणसाने बोलणं चालू ठेवलं.  दादा कप हातात घेऊन नुसता फुंकर घालत राहिला. मग त्या माणसाला मध्येच थांबवून तो माझ्याकडे वळला.

"बाय, तुला काय वाटतं?" त्याने विचारलं. "इकायचं का?"

लहानपणापासून मी त्या जमिनीबद्दल घरात खूप बोलणी ऐकली होती. भाताचं, बांधाचं, संपादनाचं, वाटपाचं. हा प्रश्न मला कुणी कधी विचारला नव्हता. 

मी म्हटलं, "नाही. मला नाही विकायचं."

बिल्डरचा माणूस समजवायला लागला. चारी बाजूंनी इमारती उठतील, तुमचा तुकडा मध्ये अडकेल, गाडी जायला वाट राहणार नाही. मी म्हटलं, अडकू दे. चालत जाऊ. आईला भात कापून झाल्यावर त्या शेतात वाल लावायला आवडतं, ती आहे तोवर लावेल. नंतर मी लावेन. त्याने विचारलं की मॅडम, तुम्हाला शेती येते का. मी म्हटलं, येत नाही, शिकेन, वयाच्या पन्नाशीनंतरही गणिताचे नवे धडे शिकवायला शिकलेच ना.

तो दादाकडे वळला, दादा काहीतरी करेल या आशेने. मलाही तीच भीती होती. दादा नकाशा बघत होता. मग त्याने तो स्वतःच्या हाताने घडी घालून त्या माणसाकडे दिला.

"तिनं सांगितलं ना," तो म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद नव्हता. त्या वेळी त्याच्या मनात काय होतं ते मी अजूनही सांगू शकत नाही. माझ्या हट्टामुळे तो हरला असं त्याला वाटत असेल, आणि तसं वाटायला जागा होती. मला त्याची दया आली नाही. पण त्याने विचारलं होतं, हे मी विसरणार नाही.

बिल्डरचा माणूस खाली गेला. दादा चपला घालून लिफ्टपर्यंत गेला आणि परत आला. त्याच्या हातात एक कापडी पिशवी होती, गाडीतून आणलेली पण देऊ की नको असं करत दाराबाहेरच्या चपलांच्या रॅकवर ठेवलेली असावी. आत वालाच्या ओल्या शेंगा होत्या, आईने सकाळी तोडलेल्या, अजून दवाने थंड.

"तुज्या हिश्श्याच्या," तो म्हणाला.

टोमणा होता की नव्हता, मला कळलं नाही. मी पिशवी घेतली. आभार मानले नाहीत.